आम्ही डॉक्टरांना दिल्लीला पाठवलं

आमच्या गुढियारीच्या डॉक्टरसाहेबांना लोकसभेचं तिकीट मिळालं, तेव्हा सगळ्यात मोठा बॅनर जलेबीवाल्यानं लावला. डॉक्टरांचा दवाखाना बरोबर त्याच्या दुकानासमोर होता, आणि गेली वीसेक वर्षं ते पेशंट तपासता तपासता खिडकीतून त्याच्या गिऱ्हाइकांवर नजर ठेवून होते. "ओ गार्डबाबू, परसों शुगर कितनी थी? भूल गए क्या?" अशी हाक आली की भर रस्त्यात माणूस हातातला पुडा ठेवून चालू लागायचा.

डॉक्टर इथलेच, छत्तीसगढचे. पण आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी आलेली घरं बरीच, त्यामुळे मराठी त्यांना समजायची सगळी आणि बोलता यायची थोडी. औषध चोख, जीभ तिखट. माझ्या आईला ते दाई म्हणायचे, म्हणजे आईच. पण आईला कोणी असं बोलत नाही. "दाई, तुम्हारा एक बूँद खून चाय में डाल दें, तो शक्कर की ज़रूरत नहीं," असं भरल्या दवाखान्यात, बाकावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात.

म्हणून पाऱ्यानं त्यांना भरभरून मतं दिली. तोंडानं लोक म्हणत होते की आपला आवाज दिल्लीला जाईल. मनात होतं की त्यांचा आवाज दिल्लीला जाईल. आई मतदान करून आली आणि शाईचं बोट दाखवत म्हणाली, "गेला एकदाचा." निकालाच्या दिवशी जलेबी फुकट होती.

हिशेब तिथेच चुकला. मी नोकरीच हिशेब खात्यात करतो, मला तरी आधी सुचायला हवं होतं. संसदेची तिन्ही अधिवेशनं मिळून चार महिनेही भरत नाहीत. उरलेला काळ खासदार आपल्या मतदारसंघात असतो, आणि मतदारसंघात लग्नं असतात. पूर्वी डॉक्टर महिन्यातून एकदा भेटायचे, तेही आपण गेलो तर. आता लगीनसराईत आठवड्यातून तीनदा भेटू लागले, आणि तेही थेट जेवणाच्या काउंटरपाशी. नवरानवरीला पाकीट, एक फोटो, मग ताटांची पाहणी. बाहेर गाड्यांचे दरवाजे आपटले की आत गुलाबजामच्या वाट्या पटापट नातवंडांच्या हातात जायच्या. त्याच गार्डबाबूंनी एकदा घाईघाईत गुलाबजाम सफारीच्या खिशात टाकला आणि त्याच हातानं खासदारांशी हात मिळवला. डॉक्टरांनी रुमालानं हात पुसला आणि काहीच बोलले नाहीत. गार्डबाबू सांगतात, त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

अशात माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मे महिना, भनपुरीतला हॉल.

"त्याले पत्रिका देऊ नको," आई म्हणाली.

"काहून?"

"खाऊ देत नाही."

मला ते पटलं नाही. बाबांच्या शेवटच्या आजारात हाच माणूस रोज घरी येऊन इंजेक्शन देऊन जायचा. मी पत्रिका देऊन आलो.

आईच्या नकारामागे आणखी एक गोष्ट होती. लग्नासाठी तिनं सदर बाजारातून नवी चप्पल घेतली होती आणि ती पायाच्या बोटाला लागली होती. मागच्या रिपोर्टात तिची उपाशीपोटीची शुगर दोनशे ऐंशी होती. एवढ्या शुगरमध्ये पायाची जखम म्हणजे काय, हे मी ऐकून होतो. पण डॉक्टर खासदार झाल्यापासून दवाखान्यात बसणारा नवा मुलगा फार गोड बोलायचा, "आंटी, थोडा परहेज," एवढंच म्हणायचा, आणि आई त्याच्यावर खूश होती. मी पाय दाखव म्हटलं की ती पट्टी दाखवायची. "खपली धरली हाय. सोडली तं रक्त येईन. लगन झाल्यावर पाह्यजो." ती नीट चालत होती म्हणून मी मानलं. ती नीट चालत होती कारण दुखत नव्हतं, आणि शुगरच्या जखमेत न दुखणं हीच वाईट खूण, हे मला नंतर कळलं.

लग्न बौद्ध पद्धतीनं झालं. वंदना आटोपली, जेवणं सुरू झाली. आई पांढऱ्या साडीत खुर्चीवर बसली होती, पायात पांढरे मोजे. डॉक्टरांसाठी तिनं तयारी करून ठेवली होती. ताटात काकडी, गाजर आणि एक फुलका, सगळ्यांना दिसेल असा.

डॉक्टर आले. "वा दाई! आज सूरज किधर से निकला?"

"म्या गोड सोडलं आता," आई म्हणाली. मागे माझी बायको खोकली.

डॉक्टर हसून वळले, आणि वळता वळता थांबले. "दाई, मई के महीने में मोजा?"

"एसीची थंडी लागते न, बावा."

एसी बंद पडून अर्धा तास झाला होता. अख्खा वरपक्ष रुमालानं वारा घेत होता.

खासदार कडक इस्त्रीच्या कुर्त्यासकट जमिनीवर बसले. गनमॅनला काय करावं कळेना, फोटोवाल्यांना मात्र लगेच कळलं. डॉक्टरांनी आईचा पाय मांडीवर घेतला, मोजा उतरवला, पट्टी सोडली. करंगळीशेजारचं बोट काळं पडलं होतं. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"दाई, पाय पाहिजे का नाही? चल, अभी."

"नातीची बिदाई झाल्याबिगर हलत नाही मी."

"हे बोट थांबणार नाही."

"बोट जाऊ दे. पोट्टीले वाटे लावू दे मले."

त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. मग आपल्या माणसाला म्हणाले, "आज की बाकी शादियाँ कैंसल," आणि आईच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. एरवी कुठल्याही लग्नातून सात मिनिटांत निघणारा माणूस बिदाई होईपर्यंत हलला नाही. वरपक्षाला वाटलं, काय या घराचा मान! व्याही माझ्याशी एकदम वाकून बोलू लागले. आमच्या बाजूच्यांनी मात्र गोडाच्या काउंटरकडे पाहिलंही नाही. केटररनं शेवटी उरलेली दोन पातेली गुलाबजाम मला उघडून दाखवली.

बिदाई झाली आणि आई खासदारांच्या गाडीतून हॉस्पिटलात गेली. बोट गेलं. पाय राहिला.

दोन दिवसांनी फोटो छापून आला. खासदारांनी वयोवृद्ध मातेचे चरण धरून आशीर्वाद घेतला, असं खाली लिहिलं होतं. विरोधकांनी त्याला नाटक म्हटलं. आईनं हॉस्पिटलच्या पलंगावर तो पेपर चष्मा लावून दोनदा वाचला. "गाडीभर शिव्या देत आनलं मले, ते काहून नाही छापलं?"

पुढच्या निवडणुकीत तोच फोटो प्रचारपत्रकावर आला. डॉक्टर हात जोडत आमच्या दारात आले, मागे पन्नास कार्यकर्ते आणि जलेबीवाला. डॉक्टरांनी जोडलेले हात सोडले, ओट्यावर बसले, आधी आईचा पाय पाहिला. चारही बोटं दाबली, तळवा पाहिला. मग म्हणाले, "ठीक है. अब दाई, वोट?"

"नाही देत तुले."

"क्यों?"

"हरला म्हणजे इथं दवाखान्यात बसशीन. त्या गोडबोल्याच्या हातानं मराचं नाही मले."

कार्यकर्त्यांना मराठी येत नव्हती. त्यांनी म्हातारीच्या नावानं जिंदाबाद केलं. जलेबीवाल्याला येत होती. त्याचा चेहरा पडला. डॉक्टरांनी तिचा पाय हळूच खाली ठेवला, "हव दाई," म्हणजे हो आई, म्हणाले आणि पुढच्या घरी गेले.

डॉक्टर मोठ्या फरकानं निवडून आले. आमच्या घरची मतं तीन. दोन कोणाला पडली ते मी सांगू शकतो. निकालाच्या दिवशी घरोघरी वाटलेला जलेबीचा पुडा मात्र आईनं दारातूनच परत पाठवला.