ब्युमॉन्टच्या बसमधली बाई

डब्लिनमध्ये कॉलेजला जाताना बसमध्ये शेजारी एक पन्नाशीची आयरिश बाई बसली. मांडीवरच्या पिशवीतला नवऱ्याचा पायजमा ती पुन्हापुन्हा काढून घडी घालत होती. माझ्या गळ्यातला क्रूस दिसताच म्हणाली, "ब्युमॉन्ट हॉस्पिटलात आज नवऱ्याचं ऑपरेशन आहे. मी चर्च केव्हाच सोडलं. देव खरंच ऐकतो का गं?"

"ऐकतो," मी पटकन बोलून गेले. संडेस्कूलपासूनचं पाठ उत्तर. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी स्वतः मनापासून शेवटचं कधी काही मागितलं होतं, तेच आठवेना.

घाबरत तिचा हात धरला आणि अडखळत, मराठीतच, तिच्या नवऱ्यासाठी प्रार्थना करू लागले. हॉस्पिटलचा स्टॉप आला. मी थांबले.

"थांबू नकोस," ती म्हणाली, "मी पुढच्या स्टॉपला उतरेन."