ती लाथ मला ऐकू आली होती

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळलं. विषय निघाला की पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचो. मुलाने एकदा सरळच विचारलं, "बाबा, त्या पिक्चरबद्दल तुम्ही कधीच का बोलत नाही? लोक एवढे हसतात तुम्हाला बघून." मी म्हटलं, "छोटासा रोल होता, त्यात काय बोलायचं?" रोल छोटा नव्हता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा होता. त्यातलं एक दृश्य अजूनही अधूनमधून सोसायटीच्या ग्रुपवर येतं, खाली लोक हसून लोळणारे चेहरे टाकतात, आणि मी फोन पालथा करून ठेवतो. एक दिवस कुणीतरी विचारेल, काका, मध्येच कपाटाच्या तळाशी धडधड वाजतं ते काय? या प्रश्नाची मला भीती वाटते.

मी ऑफिसात नोकरी केली आणि संध्याकाळी हौशी नाटकं. स्पर्धेच्या नाटकांत माझ्या वाट्याला पोस्टमन यायचा, नाहीतर शेजारी, नाहीतर दुसऱ्या अंकात निरोप देऊन जाणारा कुणीतरी. पण एक गोष्ट आमच्या अंगात मुरलेली होती. काहीही झालं तरी थांबायचं नाही. दिवे गेले, समोरचा वाक्य विसरला, सेटचं दार निखळून हातात आलं, तरी सांभाळून न्यायचं. प्रेक्षकाला कळता कामा नये. त्यात मी पटाईत होतो. एरवी कुणाच्या लक्षात राहत नसे, पण गोंधळ झाला की सगळे माझ्याकडे बघत.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मुलुंडला आमच्याच गल्लीतला एक मुलगा घरी आला. कंप्युटरची नोकरी सोडून तो मित्रांना घेऊन सिनेमा करत होता. कॉलेजातली कॉमेडी. सगळे फुकट राबत होते, दोन वेळचं जेवण तेवढं त्याच्याकडे. तो म्हणाला, "काका, प्रिन्सिपल करा. मला खडूस पण गोड माणूस पाहिजे." मी रात्रभर आरशासमोर खडूस पण गोड होऊन बघितलं.

सेटवर मजा होती, हे नाकारत नाही. मला चिकटवलेली मिशी होती आणि ती घामाने सरकायची.

"काका, मिशी सरकली," दिग्दर्शक ओरडायचा.

"सरकू दे रे. पुढच्या सीनला अब्रूच जाणार आहे, मिशीचं काय घेऊन बसलास?"

"चहात बुडवतात ते मिशी," नायिका म्हणायची. "मग चिकटणार कशी?"

ही नायिका चारकोपची. कॉलेजच्या एकांकिकांत नाव काढलेली, सिनेमात पहिल्यांदाच. वडील नव्हते, आई मालवणकडची. माझ्याशी तिचं विशेष जमलं, कारण त्या तरण्या घोळक्यात आम्ही दोघंच नाटकवाले. दुसऱ्यांदा घेऊ या म्हटलं की बाकीचे आनंदाने घेत. आम्हा दोघांना मात्र पहिल्याच वेळी नीट गेलं नाही तर लाज वाटायची.

दृश्य असं होतं. ती प्रश्नपत्रिका चोरायला प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये शिरते, मी येतो, ती लोखंडी कपाटात लपते. मी कपाटाला पाठ टेकून बायकोशी फोनवर बोलत राहतो. आतून ठकठक होते, मला वाटतं उंदीर.

शूटिंगच्या आधी तिने मला व्हरांड्यात गाठलं.

"काका, एक सांगू? कुणाला बोलायचं नाही हं."

"बोल."

"मला बंद जागेत होत नाही. लहानपणी बाथरूमची कडी अडकलेली. तेव्हापासून श्वासच बंद होतो माझा."

"मग सांग ना त्याला. दार उघडं ठेवून घेईल."

"वेडे झालात? उद्या दुसरी उभी करेल तो. मला माहितीये ना, किती जणी मागे लागल्यात." तिने माझी बाही धरली होती. "ऐका. हाताने वाजवलं तर ॲक्टिंग. खालून लाथ मारली तर खरं. मग काय पण चालू असू दे, दार उघडायचं."

"उघडेन."

"नक्की ना?"

"अगं, माझी पाठच दाराला आहे. तुला नुसती उचकी लागली तरी कळेल मला."

ती हसली आणि आत गेली.

तालमी दार किंचित उघडं ठेवून झाल्या होत्या, त्या छान गेल्या. टेकच्या वेळी दिग्दर्शक बाहेरून, मॉनिटरपाशी बसून ओरडला, "काका, फट दिसतेय. हँडल पूर्ण फिरवा." मी फिरवलं. आतला बोल्ट बसल्याचा खट आवाज आला. ऑक्टोबरचे दिवस. रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडक्या लावलेल्या, पंखा बंद. माझ्या सदऱ्यातून पाठीला पत्रा गरम लागत होता.

मी बोलायला लागलो. ठरल्या जागी आतून हाताची ठकठक आली. मी फोनवर म्हटलं, "अगं, उंदीर झालेत फार. नाही गं, फी भरलेली दिसत नाही, म्हणून बाहेर येत नाहीयेत." हे संहितेत नव्हतं. कॅमेऱ्यावरच्या मुलाचे खांदे हलायला लागले. कानाला हेडफोन लावलेला साऊंडवाला ओठ चावून हसू दाबत होता. बाहेरून दिग्दर्शकाचं हसू ऐकू आलं, दाबलेलं. इतकी वर्षं निरोप देऊन विंगेत जाणाऱ्या माणसाला हे हसू काय असतं, ते सांगता येणार नाही.

आणि मग लाथ बसली.

माझ्या टाचेशी. पत्र्याची थरथर टाचेतून पोटरीत आली. मला कळलं. शंका नव्हती, गैरसमज नव्हता. हात मागे हँडलकडे जायला हवा होता. तो फोन धरून राहिला आणि तोंड बोललं, "आता लाथा मारतोय! उंदीर नसणार हा, आपला ट्रस्टी असणार."

कॅमेऱ्यावरच्या मुलाने डोळे मिटून घेतले, इतकं त्याला हसू येत होतं.

दुसरी लाथ हलकी होती. तिसरी जेमतेम पाय घासल्यासारखी. त्यानंतर काही नाही. मी मात्र वाक्य संपवलं, मग पुढचं संपवलं. फोन ठेवायचा होता, तो ठेवला. मग प्रिन्सिपलसारखा मिशीवरून हात फिरवला. "कट!" आलं, टाळ्या झाल्या, आणि त्या टाळ्यांत कपाटातून कुणी बाहेर यायला धडपडलं नाही.

मी हँडल फिरवलं. ते वळेना. घामाने हात सटकत होते. "अरे, हे अडकलंय," मी म्हणालो, तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. साऊंडवाला धावला, कुणीतरी हातोडी आणली. आतून एक शब्द येत नव्हता. मी तिला हाका मारत होतो आणि मनात एकच चाललं होतं: ही गेली, आणि हिला मी मारलं.

दार उघडलं तशी ती बाहेर कोसळली. डोळे उघडे, पण बघत नव्हते. ओठ निळसर. बोटांची नखं फाटलेली. मग मोठ्याने, घशातून ओढल्यासारखा एक श्वास आला, आणि मी जमिनीवर बसलो.

जवळच्या डॉक्टरांनी तपासलं, जिवाला धोका नाही म्हणाले. संध्याकाळी व्हरांड्यात तिला खुर्चीत बसवलं होतं. दिग्दर्शक घाबरून ओरडत होता. "आधी सांगायचं ना यार! मरायला आलेलीस का इथे? वाट लागली असती सगळ्यांची."

"काकांना सांगितलेलं," ती म्हणाली. "लाथ मारली तर दार उघडा म्हणून. काका, मारली ना मी लाथ?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मला जे वाटलं ते लिहितो. तिच्यासाठीची भीती संपली होती. आता माझ्यासाठीची सुरू झाली होती. पोलीस, पेपर, गल्लीतले लोक, मुलाचं तोंड. मी कानाला हात लावला.

"नाही गं बाळा, मला नाही ऐकू आलं. हल्ली कानाने जरा कमी येतं मला."

तोवर मी कधी कुणाला असं म्हटलं नव्हतं, कारण ते खरं नव्हतं. साऊंडवाला म्हणाला, "धडधड होती, पण मला सगळं सीनचंच वाटलं." त्याला खरंच तसं वाटलं असणार. त्याला खूण माहीत नव्हती.

ती आपल्या पायाकडे बघत राहिली. "मला वाटलं मी मारली," ती हळू म्हणाली.

तिची उरलेली दृश्यं उघड्या मैदानातली होती, ती तिने केली. तो टेक ठेवायचा का, हे दिग्दर्शकाने तिला विचारलं. "चांगला झालाय ना? मग राहू दे," ती म्हणाली. अंधेरीला एका लहानशा हॉलमध्ये आमच्यासाठी खेळ लावला. ती दारापाशी बसली होती आणि ते दृश्य यायच्या आधी बाहेर निघून गेली. मी बसून राहिलो. मोठ्या स्पीकरवर ती लाथ आली आणि हॉल हसून कोसळला. दुसरी हलकी आली, तेव्हा आणखी हसला. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो होतो. पडद्यावरचा तो म्हातारा दार उघडत नव्हता.

त्यानंतर तिने काम केलं नाही. चारकोपलाच एका कारखान्याच्या ऑफिसात लागली. लिफ्टने जात नाही, असं कुणीतरी सांगितलं. मध्ये मी तिच्या घरी गेलो. सगळं सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो.

दार आईने उघडलं. "येवा, येवा. बसा. मी चाय टाकतंय," म्हणून ती आत गेली. मुलगी माझ्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली.

"काका! ऐकू येतंय ना नीट?"

"येतंय," मी म्हणालो.

"मशीन का नाही घेत कानाला? चांगली मिळतात आता." आणि मग तशीच मोठ्याने म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. चूक माझी होती. मला अजून वाटतं मी जोरात मारली लाथ. पण मारलीच नसणार. पाय हललाच नसेल माझा. आता मला माझंच काही खरं वाटत नाही. गॅस बंद केला तरी परत जाऊन बघते."

"मला तुला एक सांगायचं होतं," मी म्हणालो.

"बोला ना."

तिने कान माझ्याकडे वळवला. आतून आईने विचारलं, साखर किती. मी म्हटलं, "तब्येतीला जप." चहा प्यायलो आणि निघालो. ती जिना उतरून रिक्षापर्यंत आली, रिक्षावाल्याला म्हणाली, "भैया, इनको कम सुनाई देता है, संभालके ले जाना."

हे लिहिलं म्हणजे तिला सांगितलं असं होत नाही, ते मला कळतं. समोर बसून बोलायचं होतं, ते एवढंच.

बाळा, तुझा पाय हलला होता. तू लाथ मारलीस, चांगली जोरात मारलीस, आणि मला ती ऐकू आली. मी दार उघडलं नाही. मला माफ कर.