रेकॉर्डवरचा जाळ

गुरुनाथअण्णांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडायला मीच गेले होते. नळदुर्गच्या महाविद्यालयात संगणक शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. उत्तरपत्रिकांचा ढीग पुढ्यात, आणि समोरच्या मंगल कार्यालयात सकाळपासून स्पीकर चालू. डोकं उठलं. तावातावानं गेले तर स्पीकरच्या मशीनपाशी एक उंच, शांत गृहस्थ बसलेले. म्हणाले, "तुम्ही पायरी चढलात तवाच आवाज कमी केलाय, बाई. आता चहा घेता, का भांडून मग घेता?" मी चहा घेतला. तेव्हापासून आजवर त्यांच्याशी भांडायचं राहूनच गेलं आहे.

अण्णांना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे. लाउडस्पीकरच्या धंद्यात त्यांनी आयुष्यभर लग्नांत, जत्रांत, सभांत लोकांपर्यंत आवाज पोचवला. पण कुठं पोचवायचा नाही हेही त्यांना पक्कं ठाऊक. दवाखान्याकडं कर्ण्याचं तोंड करायचं नाही, हा त्यांचा नियम. माझी आई ऑपरेशननंतर माझ्याकडं येऊन राहिली होती, तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीतून वरात निघाली. मी अण्णांना काहीही कळवलं नव्हतं. तरी कोपऱ्यावर आवाज बंद पडला. नवरदेवाचे मामा तापले, आणि अण्णा वायर हातात धरून फ्यूज उडाल्याचं सांगत राहिले. आमचं घर मागं पडलं आणि फ्यूज आपोआप बरा झाला. दुसऱ्या दिवशी मी आभार मानायला गेले, तर म्हणे खरंच उडाला होता. इतकं साळसूद खोटं बोलणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

हा ग्रंथ वाचणाऱ्या अनेकांना ठाऊक नसेल की हेच शांत अण्णा तरुणपणी एका पंक बँडमध्ये होते. पुण्यात तंत्रनिकेतनात शिकताना तिघांनी मिळून तो काढला. गायला तामलवाडीचे बसवराज, गिटारवर इक्बालभाई, आणि ड्रमच्या जागी अण्णांची हलगी. नाव 'खडखडाट'. पंक म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, राग आला की सूर शोधत बसायचं नाही, ते पंक. फाट्यावर न थांबणाऱ्या गाडीवर, ऐन अभ्यासात जाणाऱ्या लाइटीवर अशी त्यांची गाणी. बसवराज ती बेंबीच्या देठापासून ओरडत. एक रेकॉर्ड निघाली, तीच पहिली आणि तीच शेवटची. नंतर इक्बालभाई हैदराबादेला गेले, अण्णा गावी आले, आणि बसवराज शेती बघू लागले.

पुढं बसवराजांना घशाचा आजार झाला. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, आवाज गेला. त्यांची मुलगी गौरी तेव्हा पाळण्यात होती. वडिलांना बोलताना तिनं कधी ऐकलंच नाही. गेल्या वर्षी ती अण्णांकडं आली आणि म्हणाली, "काका, बाबांचा आवाज मला एकदा ऐकायचाय." घरोघरच्या प्रती केव्हाच हरवल्या होत्या. एकच उरली होती, अण्णांच्या कपाटात, मऊ धोतराच्या घडीत. धंद्याच्या मशीनवर त्यांनी ती कधी लावली नव्हती. सुई जितकी फिरेल तितका बसू झिजेल, असं म्हणायचे.

ती एकदाच वाजवून कायमची संगणकात उतरवायची, असं ठरलं. अण्णांनी जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त केला, नवी सुई बसवली, आणि मी तो लॅपटॉपला जोडला. रेकॉर्ड फिरत होती तोवर आवाज अगदी बारीक ठेवून अण्णा भिंतीकडं तोंड करून उभे होते. सुरुवातीला बरीच खरखर होती. जुन्या रेकॉर्डला ती असायचीच, म्हणून आम्ही फाइल सोलापूरच्या एका जाणकाराकडं सफाईला दिली. त्यांनी काम चोख केलं. सुरुवातीचा खरखरीचा तुकडा छाटला, बाकीची खरखर पार गेली, आणि गाणी काल रेकॉर्ड केल्यासारखी खणखणीत झाली.

ती घेऊन आम्ही तामलवाडीला गेलो. बसवराजांच्या ओसरीत अण्णांनी दोन स्पीकर मांडले. पहिलं गाणं सुरू झालं आणि वाटेवरची माणसं थबकली. गौरी हसली, तिनं टाळ्या वाजवल्या. गाणी संपल्यावर मात्र हळूच म्हणाली, "काका, हे ओरडणं झालं. बाबा बोलायचे कसे?"

बसवराज नकारार्थी मान हलवत होते. त्यांनी रेकॉर्डच्या वेष्टनावर बोट ठेवलं, मग दोन्ही तळवे जमिनीकडं धरले, शेकत बसल्यासारखे. आम्हाला वाटलं, थंडी वाजतेय. वहिनी शाल आणायला उठल्याही. अण्णा मात्र ताडकन उभे राहिले. "बाई, जाळ पुसला गेलाय," ते मला म्हणाले.

मग अण्णांनी सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. हलगी तापवल्याशिवाय बोलत नाही, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत. पुण्याच्या त्या स्टुडिओत गारवा एवढा की कातडं ढिलं पडलेलं. अण्णा आणि बसवराजांनी सरळ लोखंडी ट्रेमध्ये खोक्याच्या फळ्या आणि वर्तमानपत्रं पेटवली, तिथंच, माइकसमोर! मालक बादली घेऊन धावत आले. पण टेप आधीच चालू होती, आणि तो तुकडा पहिल्या गाण्याआधी ठेवायचा हट्ट या पोरांनी सोडला नाही. आम्ही, आणि इतक्या वर्षांनी अण्णाही, जिला खरखर समजलो, ती त्या जाळाची तडतड होती.

सफाईआधीची फाइल माझ्याकडं होतीच. मी ती लावली. तडतड सुरू झाली. अण्णांनी आवाज वाढवला, आणि तिच्याखालून एक साधा, मऊ, तरुण आवाज आला.

"गुऱ्या, तापली का रं?"

"थांब की लेका," हे अण्णा.

"सावकाश होऊ दे. घाई न्हाय. म्या हाय हितंच."

मग बादली आदळली आणि गाणं सुरू झालं. गौरीनं मला थांबवलं, पुन्हा सुरुवातीपासून लावायला लावलं, आणि बापाच्या गुडघ्याला टेकून बसली. "बाबा किती हळू बोलायचे," एवढंच म्हणाली. बसवराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. अण्णा स्पीकरच्या वायरी गुंडाळत बसले. त्या आधीच गुंडाळलेल्या होत्या. मला मात्र रडू आवरलं नाही, आणि ते सांगायला मला लाजही वाटत नाही.

आता जी प्रत आम्ही सर्वांसाठी ठेवली आहे, तिच्यात तो जाळ आहे. त्याला कोणी हात लावायचा नाही, असं अण्णांनी बजावलं आहे.

अण्णा, अलीकडं तुम्ही जिना चढताना दमता, आणि मी विचारलं, तर फ्यूज उडाल्याचं सांगता. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभावं, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे. अजून खूप हलग्या तापवायच्या आहेत. सावकाश होऊ द्या. घाई न्हाय. आम्ही आहोत इथंच.