थोरलीच्या हातची आईसकांडी

याकूबला पहिलं मूल झालं ते नझीहा. पण बसऱ्यात बापाला मुलीच्या नावाने ओळखायची रीत नाही, म्हणून लोक त्याला नुसतं याकूबच म्हणत राहिले. नझीहा शाळेत जायला लागली तेव्हा निझार झाला. त्या दिवसापासून याकूब 'अबू निझार' झाला, निझारचा बाप. आईही 'उम्म निझार' झाली, निझारची आई. नझीहा लहान होती. तिने एकदा आईला विचारलंसुद्धा, "यमा, मी कुणाची?" आई पीठ मळत होती. म्हणाली, "तू कामाची आहेस, बाई. ते पाणी आण इकडे."

बाप माकिल बंदरावर क्रेन चालवायचा. उंचावर बसून खालच्या माणसांवर ओरडायची सवय त्याला लागली ती कायमची. आई गेली, निझार स्वीडनला गेला, तिथेच त्याने लग्न केलं, पोरं झाली. नझीहा मुलींच्या शाळेत व्याकरण शिकवायची आणि घर चालवायची. मधे कस्टमच्या कचेरीतल्या एका विधुराने तिला मागणी घातली होती. माणूस भला होता. अबू निझार म्हणाले, "विचार करून सांगतो." ते इतका विचार करत राहिले की त्या गृहस्थाने झुबैर गावातली दुसरी मुलगी केली आणि तिला दोन लेकरंही झाली. नझीहा यावर कधी बोलली नाही. बोलून कुणाला सांगायचं?

मग म्हाताऱ्याच्या घशात गाठ निघाली.

किरणांचे उपचार सुरू झाले तसं तोंड आतून सोलून निघालं. भाकरी गेली, भात गेला, चहा गेला. पाण्याचा घोट घेतला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. नझीहाने शाळेतून बिनपगारी रजा घेतली. डॉक्टर म्हणाले, "थंड काहीतरी चोखू द्या. जीभ बधिर झाली की थोडं पोटातही जाईल." बाजारची आईसकांडी आणली तर ती घरी येईपर्यंत पिशवीत सरबत व्हायची. बसऱ्याचा जुलै तो. दार उघडलं की तंदूरचं झाकण काढल्यासारखं वाटतं.

हे निझारला फोनवर कळलं. नजफच्या यात्रेला निघालेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर त्याने एक खोकं पाठवलं. आत पांढरा जडशीळ ठोकळा होता, त्याला तीन खाचा, सोबत काड्या आणि कांडी ओढून काढायची एक चावी. ठोकळा आदल्या दिवशीपासून फ्रीजरमध्ये ठेवायचा. तो हाडापर्यंत गारठला की बाहेर काढून खाचांत काड्या उभ्या करायच्या, रस ओतायचा, आणि चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात कांड्या तयार. वीज लागत नाही, बटण नाही. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. अबू निझार पलंगावर उशीला टेकून बसले होते. बसक्या आवाजात सगळ्यांना सांगत होते, "माझ्या मुलाने पाठवलंय. बापाचं तोंड पोळतंय म्हणून त्याला तिकडे घास गिळवत नाही."

पहिल्या दिवशी त्यांनी फर्मावलं, "नुमी बसराची कर." वाळवलेल्या काळ्या लिंबाचं पाणी, म्हाताऱ्याचं आयुष्यभराचं आवडतं पेय. नझीहा म्हणाली, "बाबा, आंबट आहे, झोंबेल."

"तू डॉक्टर झालीस का?"

तिने केली. पहिल्यांदा चोखली आणि म्हाताऱ्याने कांडी थुंकली, काडीसकट भिंतीवर फेकली. "पोरी, मारायला निघालीस का बापाला?"

तिने भिंत पुसली.

मग ती शिकत गेली. कलिंगडाचा रस चालायचा, पण बिया एकही राहता कामा नये. खजुराचा पाक पाण्यात पातळ करून, वर वेलदोड्याचं दूध. साखर अगदीच कमी घातली तर कांडी खाचेला चिकटून बसायची आणि ओढताना मोडायची. जास्त घातली की म्हाताऱ्याची रक्तातली साखर चढायची. या दोहोंमधली चिंचोळी वाट तिला चाटून चाटून सापडली. टोकदार कडा जखमेला लागू नये म्हणून कांडी काढली की ती आधी स्वतःच्या ओल्या बोटांनी टोक गोल करायची, मग बापाच्या ओठांशी धरायची.

खरी लढाई विजेची होती. सरकारी वीज येऊन-जाऊन असायची. गल्लीतल्या जनरेटरची जी तार घरात आली होती तिच्यावर बापाच्या खोलीतला एसी चालला तर फ्रीज तेवढा सोबत चालायचा, तिच्या खोलीतला पंखासुद्धा नाही. नझीहाने गादी उचलून स्वयंपाकघरातल्या फरशीवर टाकली. खाडीवरून दमट शरजी वारा सुटला की भिंतींना घाम यायचा आणि ती ओल्या फडक्यावर पाय ठेवून पडायची. शेजारची उम्म सत्तार एकदा सकाळी आली तर नझीहा फ्रीजला पाठ लावून बसलेली.

"अगं, फ्रीजशी लग्न लावलंस की काय?"

"निदान हा विचार करून सांगतो म्हणाला नाही," नझीहा म्हणाली. दोघी हसल्या. मग उम्म सत्तार हसायची थांबली आणि नझीहाही.

शुक्रवारी निझारचा फोन यायचा, चित्रासकट. त्या दिवशी म्हातारा दाढी करून घ्यायचा. फोन धरायची नझीहा, कारण बापाचे हात थरथरायचे. अबू निझार कांडी झेंड्यासारखी वर धरायचे.

"बघ, तुझी कांडी!"

"वा बाबा! आज कुठली?"

"नुमी बसरा. तुला माहीत आहे ना, मला दुसरं काही चालत नाही."

हातात खजूर-दुधाची पांढरट कांडी असायची. पण कांडीच्या रंगाकडे कोण बघतं? निझार हसायचा, त्याची पोरं अरबी-स्वीडिश मिसळून काहीतरी ओरडायची, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी निझार म्हणायचा, "नझीहाला सलाम सांगा." ती हातभर अंतरावर असायची. अबू निझार म्हणायचे, "सांगतो." आणि फोन बंद झाला की सांगायचे नाहीत.

उम्म सत्तारला हे एकदा बघवलं नाही. ती तोंडावर म्हणाली, "हाजी, त्या ठोकळ्यात रस काय स्वीडनहून उतरतो?"

"ते बायकांचं काम," म्हातारा म्हणाला. "रस काय, कुणीही ओततं. ठोकळा कुणाला सुचला?"

ऑगस्टमध्ये शाळेतून निरोप आला की रजा फार लांबली, जागेवर दुसरी बाई घेतली आहे. नझीहाने बापाला सांगितलं. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. म्हणाले, "बरं झालं, तुझी धावपळ वाचली." मग, "कांडी झाली का?"

त्याच आठवड्यात चुलतभाऊ भेटायला आले. पाहुण्यांना उकडू नये म्हणून अबू निझारनी दिवाणखान्यातलाही एसी लावायला सांगितला. तार पेटली, सगळं बंद पडलं. सरकारी वीज संध्याकाळपर्यंत आली नाही. ठोकळा मऊ पडला. रस ओतला तो रसच राहिला. पाहुण्यांसमोर म्हातारा ओरडला, आवाज नव्हता तरी ओरडला. "एवढ्या लांबून पोराने पाठवलं, तेही हिला सांभाळता आलं नाही!" चुलतभाऊ चहाच्या पेल्यात बघत बसले. एकजण नझीहाला समजावत म्हणाला, "आजारी माणूस आहे, मनावर घेऊ नकोस."

तिने मनावर घेतलं.

शुक्रवार आला. वीज नीट होती, ठोकळा दगडासारखा गारठलेला होता, भांड्यात कलिंगडाचा रस गाळून तयार होता. तिने तो ओतला नाही. बापाची दाढी केली, सदरा बदलला आणि फोन हातात घेऊन समोर उभी राहिली.

"कांडी?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आज मुलाकडे मागा."

म्हाताऱ्याचे ओठ फाटलेले, जीभ टाळूला चिकटलेली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. तिने बटण दाबलं आणि फोन धरला. हात अजिबात हलला नाही.

"बाबा, आज कांडी दिसत नाही?"

तिला वाटलं, आता सांगतील. सांगू देत. म्हणू देत की तुझ्या बहिणीने दिली नाही. मग मी फोन फिरवीन आणि जे काही आहे ते बोलेन. तिने मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. व्याकरणाची बाई होती ती.

"आत्ताच खाल्ली," अबू निझार म्हणाले. एकेक शब्द काट्यावरून ओढून आणावा तसा. "फार छान होती. अल्लाह तुझे हात सलामत ठेवो."

फोन संपला. नझीहा स्वयंपाकघरात धावली, रस ओतला, उभ्या उभ्या कांडी काढली, टोक गोल केलं आणि बापाच्या ओठांशी नेली. म्हाताऱ्याने तोंड उघडलं नाही. भिंतीकडे कूस वळवली. कांडी तिच्या मनगटावरून गळत कोपरापर्यंत आली.

"बाबा, घ्या. चुकलं माझं."

तो वळला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या हातून कांडी घेतली. भूक कुणाला सुटली आहे? पण त्यानंतर ना शिवी दिली, ना चव विचारली. ती ओठांशी धरायची, ते चोखायचे, नजर छताला. शुक्रवारी ती कांडी त्यांच्या हातात द्यायची, ते ती वर धरायचे, पूर्वीसारखं. सप्टेंबर संपता संपता ते गेले. शेवटचे दिवस कांडीही नको झाली होती. ती बर्फाचं पाणी कापसाने ओठांवर टिपायची.

निझारला कागदपत्रांमुळे दफनाला पोहोचता आलं नाही. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला आला. तंबूत पुरुष बसले होते, पडद्यामागे बायका. पठण करणारा शेख गहिवरून म्हणाला, "असा मुलगा सगळ्यांना लाभो. परदेशात राहून त्याने मरत्या बापाच्या तोंडात गारवा घातला." पुरुषांतून हुंदके आले. पडद्याअलीकडे उम्म सत्तारने नझीहाच्या मांडीवर हात ठेवला. नझीहाने तो बाजूला केला. ताटं मोजायची होती.

पाहुणे पांगल्यावर निझार अंगणात तिच्याजवळ येऊन बसला. केस पिकले होते, थोडा जाड झाला होता.

"खय्ती," तो म्हणाला. बहिणीला तो लहानपणापासून असंच म्हणायचा. "एवढ्या मोठ्या घरात तू एकटी काय करणार? गिऱ्हाईक आलंय. विकू या. शरियतप्रमाणे वाटे होतील."

म्हणजे त्याचे दोन, तिचा एक. ती म्हणाली, "विक."

"रागावलीस?"

"नाही. एक सांग. बाबांना कुठली कांडी आवडायची?"

तो लगेच म्हणाला, "नुमी बसरा. दर शुक्रवारी सांगायचे."

"पहिल्या दिवशी चोखली आणि भिंतीवर फेकली. आग झाली होती तोंडात. पुन्हा कधी केलीच नाही मी. तुला जे ऐकून बरं वाटेल ते सांगायचे ते."

निझारने चेहरा हातात धरला आणि लहान पोरासारखा रडला. "तू तरी सांगायचंस ना मला."

"तू मला कधी विचारलंस?"

"मी तिकडून दुसरं काय करणार होतो, खय्ती? येता येत नव्हतं. दुकानात ते दिसलं, घेतलं. रडत रडत घेतलं."

ते खरं असणार, हे तिला कळत होतं. बापाचं प्रेमही खरं होतं, भावाचं रडणंही. सगळ्यांचं सगळं खरं होतं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. ती उठली आणि चूल बंद केली का ते बघायला आत गेली.

घर विकलं गेलं. निझार गेला. ठोकळा उम्म सत्तारच्या सुनेने मागितला, तिने देऊन टाकला. नझीहा आता दोन खोल्यांत भाड्याने राहते. तिला पुन्हा नोकरी मिळाली, पण अबुल खसीबच्या पलीकडच्या शाळेत, दुपारच्या पाळीत. पोरी तिला टरकून असतात. चूक झाली की ती ओरडत नाही, नुसती बघते. एका पोरीने वाक्याचा कर्ता कुठला ते चुकीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नीट बघ. दिसतो तो नाही, करतो तो." आणि मग स्वतःच फळा पुसून टाकला.

बापाची कबर नजफला आहे. उम्म सत्तार ईदच्या आधी विचारायला आली होती, "गाडी भरतेय, येतेस का कबरीवर?"

"पुढच्या खेपेला जाईन," नझीहा म्हणाली.

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालीस."

"मग आणखी एकदा म्हणते."

उम्म सत्तारने वाट बघितली. नझीहाने वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि लाल पेनाचं टोपण काढलं.