सुलभाबाई आणि जांभळा नाला

सुलभाबाई गेल्या, हे मला शाळेच्या ग्रुपवर कळलं. तेही 'शुभ सकाळ'च्या दोन भडक गुलाबांच्या मधोमध. बाईंना ते गुलाब मुळीच आवडले नसते. त्या गेल्याला आता महिना होऊन गेला. आज मी चित्रकार म्हणून ताठ मानेने जगते ती चित्रकलेच्या या बाईंमुळे, आणि हे सांगायला मला कसलाच संकोच नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये आमची खोली होती. आई घरी जीन्स शिवायची आणि मागच्या नाल्याला जीन्स रंगवणाऱ्या, धुणाऱ्या कारखान्यांचं पाणी यायचं. सहावीत चित्रकलेच्या तासाला 'माझा परिसर' हा विषय आला. मी नाला काढला आणि तो गडद जांभळा रंगवला. वर्ग खदखदून हसला. "बाई, झूठी आहे ही! पाणी कधी पर्पल असतं काय?" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जे पाहिलं तेच तर काढलं होतं... बाई बदलापूरहून यायच्या, त्यांना आमचा नाला कुठून ठाऊक असणार! शाळा सुटल्यावर म्हणाल्या, "चल, दाखव."

आम्ही दोघी पुलावर जाऊन उभ्या राहिलो आणि नाल्याने माझा पुरता घात केला. पाणी काळंकुट्ट होतं. मी रडायलाच लागले. "बाई, शप्पथ, काल जांभळं होतं." बाईंनी नाकाला पदर लावला होता. "मग होतं काल जांभळं," त्या म्हणाल्या. "रडतेस कशाला? काल मी इथे नव्हते, तू होतीस." दुसऱ्या दिवशी चित्र फळ्याशेजारी लागलं. पुढे कॉलेजात मला पुष्कळ जणांनी पुष्कळ शिकवलं... पण स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायला मी शिकले ते त्या घाणेरड्या पुलावर.

गेल्या आठवड्यात बदलापूरला त्यांच्या घरी गेले. खिडकीसमोर नवी इमारत उठली आहे. अंथरुणाला खिळल्यावर बाईंना तिच्या भिंतीखेरीज काही दिसत नसे, तर त्यांनी ती भिंतच कागदावर रंगवायला घेतली होती. पलंगावर चित्रांचा ढीग होता. केशरी भिंत, हिरवट भिंत, एकदा तर चक्क गुलाबी. मी बाहेर पाहिलं. भिंत पांढरी होती.

"शेवटी शेवटी आईला रंग कळत नव्हते गं," त्यांची मुलगी हळूच म्हणाली.

"कळत होते, ताई," मी म्हटलं, आणि ती गुलाबी भिंत मागून घेतली.