पंधरा अक्षरांत न मावलेल्या सुमनबाई

मंडळी, कचेरी सुटल्यावर थेट सायबर कॅफेत आलोय. घरी सांगून कोणाला कळणार? या फोरमवरचे तुम्ही तरी कॉम्प्युटरवाले आहात.

धरणात गेलेल्या गावांतल्या विस्थापितांची यादी मीच पूर्वी कॉम्प्युटरवर फॉक्सप्रोत बसवली. फ्लॉपीत मावावी म्हणून नावाचा कॉलम पंधरा इंग्रजी अक्षरांचा ठेवला. माझं स्वतःचं नाव टाकून पाहिलं, बसलं. झालं काम!

आज शिरपूरकडून एक म्हातारी आली. पाटील सुमनबाई भास्कर. आपल्याकडे आधी आडनाव, मग नाव, शेवटी नवऱ्याचं. पंधरा अक्षरांत नेमका नवराच कापला गेला. त्यांचं अर्धं गाव पाटलांचं. स्क्रीनवर एकाखाली एक तीन 'पाटील सुमनबाई', आणि पुनर्वसनाचा प्लॉट मंजूर एकीलाच.

"भाऊ, मी ते बठ्ठं नाव सांगेल व्हतं," अक्का म्हणाल्या. पूर्ण नाव सांगितलंच असणार त्यांनी.

मी त्यांच्यासमोरच कॉलम चाळीसचा केला. नावापुढे नुसती मोकळी जागा वाढली. मूळ अर्ज बघावेत, तर कॉम्प्युटर आला म्हणून ते आम्हीच रद्दीत घातलेले.

साहेब म्हणाले, "तिघींनाही अपात्र करा. वाद नको."

मी केलं.

"मंग परत कवय येऊ, भाऊ?" अक्कांनी विचारलं. मान वर न करता मी म्हणालो, "सोमवारी या."

कापलेली अक्षरं परत आणायची काही युक्ती आहे का हो? नाही, हे मलाही माहीत आहे. पण त्या सोमवारी येणार आहेत.