पोलंडच्या बाईनं वर पाहिलं

सिनेमाच्या सुरुवातीला ‘सत्य घटनेवर आधारित’ असं वाचलं की अजूनही माझी मान आपोआप खाली जाते.

ही सवय लागली त्या वर्षी मी खामगावात शाळेत शिकवायची आणि एकटीच राहायची. कापसाच्या जिनाला आग लावल्याचा आळ माझ्या धाकट्या भावावर आला होता आणि तो माझ्याच माळ्यावर लपला होता. भाऊबीजेला सकाळी त्याला खाली बोलावलं, दार लावून गुपचूप ओवाळलं आणि परत वर धाडलं. दुपारी वाचनालयाने पोलंडचा सिनेमा ठेवला होता. मी तिथली सभासद. गेले नसते तर चौकशा झाल्या असत्या, म्हणून गेले.

मेली ती गोष्ट नेमकी माझीच निघाली! लढाईच्या दिवसांत एक बाई एका माणसाला माळ्यावर लपवते. एक प्राध्यापक उभे राहून मराठीत खुलासा करत होते. “ही बाई खरोखर होती बरं का,” ते म्हणाले. झडतीला आलेला शिपाई तिच्याकडे चहा मागतो आणि तिची नजर क्षणभर वर जाते. झालं, माणूस सापडतो. मागून कुणीतरी ओरडलं, “अवो बाई, वर काऊन पाह्यलं!” पुढच्या खुर्चीवर फौजदार बसले होते.

सिनेमा सुटल्यावर ते माझ्यासोबतच निघाले. “बाई, दिवाळीचा फराळ नाही देत का?” नाही म्हणायची सोय नव्हती.

घरी चहा-चकल्या दिल्या. मी मान वर केली नाही. म्हटलं, मी काही त्या पोलंडच्या बाईइतकी भोळी नाही. त्यांची नजर मात्र भिंतीतल्या देवळीत गेली. तिथे सकाळचं तबक तसंच होतं, विझलेलं निरांजन, कुंकू, अक्षता.

“कोणाले ओवाळलं?”

“चंद्राला,” मी म्हटलं. भाऊ जवळ नसला की बाई चंद्रालाच ओवाळते, माझ्या जागी कुणीही हेच सांगितलं असतं.

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात अजून ऊन होतं.

“बाई, चंद्र तं अजून निघालाच नाही.”

त्यांनी कप खाली ठेवला, टोपी घातली. “उद्या सकाळी झडतीले येतो,” दारात ते म्हणाले. “आज माही बहीण वाट पाहून राह्यली.”

अंधार पडताच भाऊ जलंब स्टेशनच्या वाटेने निघून गेला. तो परत आलाच नाही, साधं पत्रही नाही. आता दर भाऊबीजेला मी चंद्र निघेपर्यंत थांबते, आणि मगच ओवाळते.